कळशी न जाणारी बाव

माझी बाव बंद पडली त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. एरवी मी फार शांत बाई आहे असं नाही. आमच्या वाडीत कुणालाही विचारा, सत्यवतीचं नाव काढलं की लोक आधी इकडेतिकडे बघतात आणि मग बोलतात. पण त्या वर्षी मी मांजरावरसुद्धा ओरडत होते.

बाव म्हणजे विहीर. आमच्याकडे बावच म्हणतात. देवबागकडे जाणारी वाळूची पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत आमची घरं, माड नि होड्या. दोन्हीकडे खारं असताना मध्ये गोडं पाणी लागतं हेच मुळात नवल. त्यातही आमच्या बावीचं पाणी असं, की नुसतं प्यायलं तरी जेवल्यासारखं वाटावं. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढून मी घरगुती खाणावळ चालू केली ती त्या पाण्याच्या जिवावर. लोक माझ्या हाताला चव आहे म्हणायचे. मी मान डोलवायची, पण चव कुणाची ते मला ठाऊक होतं.

दोन हजार सात सालच्या श्रावणात चहाला डिझेलचा वास आला. मी सरळ नवऱ्यावर गेले. म्हटलं, "होडयेवरचे कपडे पयले भायर काडून ठेय." रविराज बिचारा कपडे बदलून आला, अंघोळ करून आला, तरी वास होताच. मग पाहुण्यांनी कप अर्धे ठेवले. तेव्हा कुठे मी कळशी नाकाशी धरली. वास पाण्यालाच होता.

खाडीच्या काठाला होड्यांना डिझेल देणारा एक पंप होता. तो केव्हाच बंद पडलेला, पण जमिनीखालची टाकी तशीच राहिलेली. ती गंजली आणि तळातलं उरलंसुरलं वाळूत गेलं. टाकी उपटून नेली, पण सांडलेलं कोण उपटणार? ग्रामसेवक आले, बावीवर पत्रा टाकला, पत्र्यावर लाल रंगाने ‘पिण्यास अयोग्य’ लिहून गेले. त्या दिवसापासून मी आनंदीबाईच्या बावीवरून पाणी आणू लागले. आनंदीबाई माझी शेजारीण. बाई वाईट नाही, पण मी कळशी सोडली रे सोडली की पायरीवरून म्हणणार, "व्हर गो, व्हर. पाण्याक काय कोण नाय म्हणता?" आता ने म्हणाली, यात वाईट काय बोलली? काही नाही. पण रोज दोन वेळा ऐकून बघा.

माझ्यापेक्षा वाईट हाल आबांचे होते. आबा माझे सासरे. जन्मभर समुद्रावर काढलेला माणूस, आता खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून जाळी विणतात. ती बाव त्यांनी नि त्यांच्या भावाने ऐन तरुणपणी स्वतःच्या हातांनी खणलेली. रोज सकाळी उठून आबा पत्र्याचा कोपरा उचलायचे, आत बघायचे आणि पुन्हा नीट ठेवायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. तपासणीत तेल निघालं तर बाव बुजवायची असं ठरलं होतं, आणि बुजवायची हा शब्द त्यांच्यासमोर काढायची माझीही छाती नव्हती. बाव बुजवणं म्हणजे आमच्याकडे जित्या माणसाला पुरण्यासारखंच.

माघात तेजस्वी मॅडम आल्या. पंपवाल्यांना ती जागा सोडायची होती, आणि सोडण्याआधी जमीन नि पाणी तपासून द्या असा त्यांना हुकूम होता. त्या कामाला पुण्याच्या एका कंपनीने यांना पाठवलं. तिशीची पोर, डोक्याला टोपी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. राहायला माझ्याचकडे. मी तोंड वाकडं करूनच पान वाढलं. पण बांगड्याचं तिखलं चाखून त्यांनी तिसरी भाकरी मागितली, तेव्हा मला त्या आवडल्या.

जेवता जेवता म्हणाल्या, "काकू, उद्या आपण तीन विहिरी घेणार आहोत."

मी ते आनंदीबाईला सांगितलं, एवढंच. सकाळी अख्खी वाडी हजर. बायका कळशा घेऊन आल्या होत्या, खोटं कशाला सांगू? तीन नव्या बावी म्हणजे काय चेष्टा आहे?

मॅडमचे दोन गडी लोखंडी गिरमिट वाळूत घालून पिळायला लागले. थोडं खाली गेलं की वर काढायचं, त्याला चिकटलेली वाळू काचेच्या बरणीत भरायची, झाकण लावायचं, चिठ्ठी डकवायची. बरणीत भरायच्या आधी मॅडम वाळूची मूठ नाकाशी धरायच्या. माती हुंगणारी बाई आम्ही पहिल्यांदाच बघितली. मग त्या भोकात मनगटाएवढा प्लॅस्टिकचा पाईप उतरवला. त्याच्या खालच्या अंगाला बारीक चिरा, पाणी आत यावं म्हणून. भोवती खडी, वर पाणी पिऊन फुगणारी माती, जमिनीलगत सिमेंटचं कडं आणि पाईपच्या तोंडावर टोपण. झाली विहीर.

आनंदीबाईने वाकून बघितलं. "ही बाव? हेच्यात कळशी खंयसून जातली?"

"यातून पाणी भरायचं नाही हो. नमुना काढायचा. ही तपासायची विहीर," मॅडम म्हणाल्या.

"मगे हेका बाव कित्याक म्हणतास? पिचकारी म्हणा."

बायका हसत रिकाम्या कळशा घेऊन परतल्या. मी हसले नाही. मला राग आला होता, आणि राग कुणावर ते कळत नव्हतं म्हणून जास्त आला होता. मी भांडी घासायला गेले.

आबा मात्र माझ्या परसात घेतलेल्या तिसऱ्या विहिरीजवळ बसून राहिले. मॅडमनी त्यांना सगळं समजावलं ते मी भांडी घासता घासता ऐकलं. जमिनीखालचं पाणी थांबलेलं नसतं, हळूहळू सरकत असतं. पावसात चढलेल्या पाण्याबरोबर आलेलं डिझेल पुढे निघूनही गेलेलं असेल. मोठ्या बावीचं पाणी तपासलं तर आजचं कळतं, पण उद्या तिच्याकडे काय येणार ते जमिनीखालीच बघावं लागतं. म्हणून एक विहीर टाकीच्या जागी, एक मध्ये आणि एक इथे, बावीच्या शेजारी. या तिसरीत तेल नाही निघालं, तर मोठी बाव उपसायची, धुवायची नि वापरायला काढायची.

"म्हणजे सगळा हेच्यार आसा?" आबांनी पाईपवर हात ठेवून विचारलं.

"हो, आजोबा. सगळं हिच्यावर."

"बरा," म्हणाले आणि जाळ्याकडे गेले.

टोपणाला लावायची कुलपं कुडाळहून यायची राहिली होती. ती दुसऱ्या दिवशी आली, लावली, आणि मॅडम पुण्याला गेल्या.

आठवड्याने परत आल्या नमुने काढायला. तळाला झडप असलेली एक लांब नळी दोरीने पाईपात सोडायची आणि पाण्याने भरून वर ओढायची. टाकीच्या जागचं पाणी वर आलं ते नाक धरण्यासारखं. ते अपेक्षितच होतं. मधल्या विहिरीचं पाणी आलं स्वच्छ, वास नाही, काही नाही. मॅडम हसल्या. मीही हसले, कितीतरी दिवसांनी. मग आमच्या परसातल्या विहिरीतलं आलं. उन्हात धरलं तर पाण्यावर तेलाची झाक. इंद्रधनुष्याचे रंग इतके वाईट दिसू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी पुण्याला गेल्या, आणि थोड्या दिवसांनी मॅडमचा फोन आला. मधली विहीर स्वच्छ. तुमच्या परसातली तेलाने भरलेली. पंपवाल्यांना घाई होतीच. ते म्हणाले, मग बुजवून टाका ती मोठी बाव आणि प्रकरण मिटवा.

"पण मी अजून लिहून दिलेलं नाही," मॅडम फोनवर म्हणाल्या. "मधली स्वच्छ आणि पलीकडची खराब. तेल काय मधून उडी मारून गेलं? मी परत येते, काकू."

आल्या. आल्या आल्या त्यांनी घरच्या सगळ्यांना परसात उभं केलं. मला, रविराजला, आबांना. कुंपणापलीकडे आनंदीबाई न बोलावता हजर. मॅडमनी विचारलं, "खरं सांगा, या पाईपमध्ये कुणी काही टाकलं होतं का?"

झालं. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "मॅडम, माझ्या हातचा खाऊन माझ्याच घरावर आळ घेतास? आमी आमच्या बावीच्या मुळावर उठतलाव?"

रविराज नाही म्हणाला. आनंदीबाईने कुंपणापलीकडून देवाची शपथ घेतली. आबा तर दुखावलेच. "बावीत टाकूक आमी काय सैतान? बावीत थुकूचा नाय, दगड मारूचो नाय, ह्या मी वाडीतल्या पोरांका शिकयलंय. आनी मीच टाकतलंय?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. "काकू, मला तुमची विहीर बुजवायची नाही. म्हणूनच विचारते आहे."

मी आत जाऊन भांडी आपटली. मग चुलीपुढे बसून रडले. मला भीती वाटत होती, बाकी काही नाही. बाव गेली की खाणावळ जाणार हे होतंच, पण त्याहून भीती आबांची होती. ज्या दिवशी बावीत माती पडेल त्या दिवसानंतर हा माणूस किती दिवस उठून बसेल, याचा विचारच करवत नव्हता.

दुपारी त्यांनी पुन्हा नमुना काढला. त्या दिवशी एस.टी. चुकली, म्हणून पेटी माझ्या ओसरीवरच राहिली. मॅडमचा बर्फ वितळत आलेला. मी रागात होते, पण बर्फासाठी राग धरण्यात अर्थ नाही. रविराजच्या मासळीच्या पेटीतला बर्फ फोडून मी त्यात भरपूर घातला. संध्याकाळ व्हायच्या आधी मॅडमनी बाटल्या नीट आहेत का बघायला झाकण उघडलं आणि तशाच बसून राहिल्या.

"काकू, जरा इकडे या."

बाटलीत पाण्यावर पांढऱ्या चकत्या तरंगत होत्या. मी म्हटलं मेण असेल. मग म्हटलं साबण. मॅडमनी बाटली उघडली, एक चकती बोटावर घेतली, चोळली. ती विरघळली. त्यांनी बोट हुंगलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मी दोन पावलं मागे सरले.

"पुण्यात थंडीत आई बाटली उन्हात ठेवते," त्या म्हणाल्या.

"कसली बाटली?"

"डोक्याच्या तेलाची." आणि बोट माझ्या नाकाखाली धरलं.

खोबरेल. आणि तेही माझं. आमच्या माडांच्या नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. तो वास मी झोपेतही ओळखीन. आमच्या किनाऱ्यावर खोबरेल थंडीत फार तर जरा जाड होतं. असं पांढरं पडून पाण्यावर पोहताना मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून ओळखलं नाही. मॅडम म्हणाल्या की प्रयोगशाळेने तेल किती एवढंच मोजलं होतं. कसलं, ते आता त्या मुद्दाम तपासायला लावणार होत्या.

पण मला प्रयोगशाळा नको होती. आमच्या घरात तेलाच्या बरणीला हात लावणारं माझ्याशिवाय एकच माणूस आहे. मी तडक खळ्यात गेले. आबा जाळ्याला गाठी मारत होते.

"आबा, त्या पायपात तेल कोणी ओतल्यान?"

"ओतूक नाय कोणी."

"मगे तेल थंय गेला कसा?"

"मी वाहिलंय," आबा म्हणाले. अगदी सहज.

मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. आबांनी सुई बाजूला ठेवली आणि आम्हा दोघींना, शाळेतल्या पोरींना सांगावं तसं, सांगितलं.

"नवी बाव झाली. कोणी नारळ फोडल्यान नाय, कोणी गाऱ्हाणा घातल्यान नाय. बायलमाणसा हसान गेली, तू रागान गेलंस. म्हटला, ह्या असा कसा? नव्या होडयेक आमी पयला तेल लावतंव, मगे बावीक नको? त्याच रातीक नारळ फोडलंय, तेचा पाणी वाहिलंय, तेल वाहिलंय आनी देवाक हात जोडलंय. बा देवा महाराजा, ह्या पुण्याच्या चेडवाच्या बारक्या बावीक यश दी. आनी माझ्या सुनेची बाव तिका परत दी."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. इतके महिने हा माणूस गप्प होता, आणि बोलला तेव्हा देवाशी बोलला, तेही स्वतःसाठी नाही. बाव त्यांची. खणली त्यांनी. मागितली माझ्यासाठी.

"केवढा तेल?" मी विचारलं.

"वाटीभर. भोक खोल, म्हटला तळापर्यंत पोचाक व्हया."

"आजोबा," मॅडम हळूच म्हणाल्या, "मी सकाळी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"तुमी इचारलास टाकला काय म्हणान. देवाक वाहिलेला मी टाकला कसा म्हणू?"

मॅडम वाळूत बसल्या आणि हसायला लागल्या. टोपी पडली तरी हसत होत्या. "आणि बाकीच्या दोन विहिरींत?"

"त्यो पंपवाल्यांच्यो. तेंचो देव ते बघतीत."

मग मीही बसले त्यांच्या शेजारी. हसता हसता माझे डोळे वाहत होते आणि मला ते पुसावेसे वाटत नव्हते. आबा आमच्याकडे बघून पुटपुटले, "दोगांकय येड लागला," आणि सुई उचलली. कुंपणापलीकडून आनंदीबाई विचारत होती काय झालं, काय झालं. तिला मी तब्बल दोन दिवस सांगितलं नाही. तेवढी मजा मी घेतली.

तेल पाईपच्या चिरांत बसलेलं, ते धुऊन जाणारं नव्हतं. मॅडमनी तो पाईप उपटला, भोक बुजवलं आणि थोडं बाजूला नवा घातला. या वेळी कुलूप खिशात घेऊनच आल्या होत्या. आबा नारळ घेऊन उभेच. मॅडमनी हात जोडले. "आजोबा, देवाला गाऱ्हाणं घाला. पण फक्त तोंडाने."

आणि काय सांगू, अख्खी वाडी आली. या वेळी कळशा घरी ठेवून. आबांनी त्या मनगटाएवढ्या पाईपसमोर उभं राहून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हटलं. मॅडमचे दोन गडीही म्हणाले. नारळ फुटला तो पाईपपासून चांगला हातभर लांब, दगडावर, आणि त्याचं पाणी आनंदीबाईने भांड्यात धरलं, एक थेंब वाळूत पडू दिला नाही. खोबरं सगळ्यांनी खाल्लं. मॅडमनी सगळ्यांत जास्त.

या खेपेला बाटल्या पुण्याला गेल्या आणि मी मुकाट देवळात जाऊन आले. फोन आला तो शिमगा उलटून गेल्यावर. रविराजने उचलला, ऐकलं आणि तसाच माझ्या हातात दिला. मी म्हटलं संपलं. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "काकू, स्वच्छ. काही म्हणजे काही नाही. मी लिहून दिलं."

पुढे टाकीच्या जागची काळी पडलेली वाळू ट्रकांत भरून नेली. ती जाईपर्यंत आणि बावीचं स्वतःचं पाणी तपासून होईपर्यंत चैत्र अर्धा सरला. मग एका सकाळी बाव उपसायला काढली. पत्रा मी स्वतः ओढून बाजूला फेकला. गावातले बाप्ये आले, पंप लावला, सगळं जुनं पाणी लांब सोडलं. रविराज नि दोघे आत उतरले, कडा घासल्या, तळाची वाळू टोपल्यांनी वर दिली. आनंदीबाई तिच्या घरचा नवा दोर घेऊन आली. म्हणाली, "आता माझ्या पायरेर कोण येतला गो?" आणि तिच्या आवाजात खरोखरच काहीतरी होतं. मी म्हटलं, "मी येतलंय. नुसती गजाली करूक." तिने तोंड फिरवलं, पण दोर माझ्या हातात दिला.

दुपारपर्यंत तळाला पाणी भरायला लागलं. वाळूतून, चहूबाजूंनी, आवाज न करता. आबा काठावर बसून बघत होते. मी कधी त्यांना इतका वेळ एकाच जागी डोळे लावून बसलेलं बघितलं नव्हतं. पाणी निवळेपर्यंत कुणीच घरी गेलं नाही.

पहिली कळशी मी ओढली. आमच्याकडे नव्याने निघालेलं पाणी आधी देवाला. मी कळशी कमरेवर घेतली आणि घराकडे वळले.

"खंय चललंस?" आबांनी विचारलं.

"देवाक ठेवतंय."

"देव वायच थांबतलो," आबा म्हणाले. "आदी तू पी."

मी कळशी काठावर टेकवली आणि ओंजळीने प्याले. पदर भिजला तरी पीत राहिले.